भरावाचा खर्च बाजारपेठेच्या खात्यावर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळूणच्या पूररेषेवर आपल्या दैनिकात अधूनमधून पत्रं येतात. एक पक्ष म्हणतो, निळी रेषा, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, मागे घ्या, नाहीतर अर्ध्या गावाला घराची दुरुस्तीसुद्धा करता येणार नाही. दुसरा म्हणतो, नदीकाठी एक वीटही नको. दोघंही रेषेवर भांडतात. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे सखल जागांवर रोज जो मुरूम पडतो, त्याचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. तो मांडावा म्हणून हे पत्र.

मी बाजारपेठेतल्या लहान दुकानदारांच्या वह्या लिहिते आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. नदीशास्त्र हा माझा विषय नाही. पण २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारात शिरलं, आणि ते ओसरल्यावर कित्येक दुकानांच्या नुकसानीच्या याद्या मी करून दिल्या. त्यामुळे पुराचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे मला नेमकं माहीत आहे.

आषाढात आमचे व्यापारी श्रावण आणि गणपतीचा माल भरतात. कराड, कोल्हापूर, मुंबईहून उधारीवर माल येतो आणि गणपती झाल्यावर पैसे फिटतात. म्हणजे पूर येतो तेव्हा दुकानं वर्षात सर्वांत जास्त भरलेली असतात, आणि तो माल अर्धाअधिक दुसऱ्याच्या पैशाचा असतो. समजा रंग-हार्डवेअरच्या दुकानात आठ लाखांचा माल चिखलात गेला. विमा किती? बँकेनं कर्ज देताना उतरवलेला, बहुतेक वेळा खऱ्या मालापेक्षा कमी रकमेचा. वीस लाखांचा माल आणि दहा लाखांचा विमा असेल, तर सरासरीच्या नियमानं, म्हणजे मालाच्या जितक्या हिश्शाचा विमा तितकाच हिस्सा नुकसानीचा, आठ लाखांच्या नुकसानीचे चारच लाख मंजूर होतात. सरकारी मदत दुकानाला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये होती. त्याहून कडू गोष्ट पुढे आहे. जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) सांगतं की नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि आधी घेतली असेल तर ती परत करावी लागते. आठ लाखांवर १८ टक्क्यांनी एक लाख चव्वेचाळीस हजार. माल गेला, गिऱ्हाईक गेलं, आणि वर सरकारला हे पैसे भरायचे! एका दुकानदाराला हे समजावून सांगताना त्याच्याकडे बघवेना. तो काही बोलला नाही, फक्त वही मिटून घेतली.

कुणी म्हणेल, मग बाजार तिथे ठेवलाच कशाला? ज्यांनी वसवला त्यांनी विचार करूनच वसवला. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर गलबत येई, आणि तिथूनच घाटाची वाट सुरू होई. दाभोळच्या खाडीतून माल गोवळकोटच्या धक्क्याला लागायचा आणि कुंभार्ली घाटानं कराडकडे जायचा. सावित्रीवरचं महाड आणि अर्जुनेवरचं राजापूर ही गावंही अशाच हिशेबानं मोठी झाली. गलबतं गेली, पण गुहागरपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतची खेडी अजून चिपळूणच्या बाजारावरच जगतात. ज्या जागेमुळे गाव मोठं झालं त्याच जागेत भरतीचं आणि डोंगराचं पाणी समोरासमोर येतं. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं म्हणून बाजाराभोवतीचे मळे, भातखाचरं, पाणथळ जागा तशाच राहिल्या. पावसाळ्यात पाणी तिथे पसरायचं, दोन दिवस थांबायचं, ओहोटीबरोबर निघून जायचं. त्या मोकळ्या जागांनी बाजाराची राखण केली, आणि त्याचं भाडं त्यांना कुणी कधी दिलं नाही.

आता त्याच जागांना भाव आला आहे. सखल खाचर स्वस्तात मिळतं. त्यात सहा फूट भराव घातला की तो प्लॉट होतो, आणि आधीच्या आणि नंतरच्या खरेदीखतातला फरक भराव घालणाऱ्याच्या खिशात जातो. हा फरक जागेच्या मालकानं कष्टानं कमावला असं मी मानत नाही. त्यातला मोठा वाटा त्यानं पाण्याला हाकलून मिळवला आहे, आणि हाकललेलं पाणी कुणाच्यातरी दुकानात जातं.

किती पाणी? साधा गुणाकार आहे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर सहा फूट भराव म्हणजे साधारण ६५ ब्रास. एक ब्रास शंभर घनफूट, म्हणजे २,८३२ लिटर. दहा गुंठ्यांच्या प्लॉटवर ६५३ ब्रास मुरूम पडतो, तीन ब्रासच्या डंपरनं दोनशेहून जास्त खेपा. त्यानं साडेअठरा लाख लिटर पाण्याची जागा जाते. हे पाणी बाजारपेठेच्या एका हेक्टरवर पसरलं तर साडेअठरा सेंटिमीटर, म्हणजे सात इंचांच्या वर उभं राहतं. नदी वाहती असते, भरती-ओहोटी असते, कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं. म्हणून प्रत्येक प्लॉटमागे नेमके सात इंच वाढतील असं मी म्हणत नाही, ते जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांनी सांगावं. पण किराणा दुकानात सात इंच म्हणजे काय ते मी सांगू शकते. लाकडी फळ्यांवर रचलेल्या साखरेच्या पोत्यांची खालची रांग वाचते की जाते, याचा निकाल तेवढ्यात लागतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर तळाशी असतो, कापडाच्या दुकानात साड्यांचे गठ्ठे खालच्या कप्प्यात असतात. आणि असे प्लॉट एक-दोन नाहीत.

माझ्याकडे हिशेबाला येणाऱ्या एका गृहस्थांनी असाच भराव केला. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, जागा माझी, मुरूम विकतचा, रॉयल्टी भरलेली पावती आहे माझ्याकडे. यात बेकायदा काय?" त्यांचं खरं होतं. पावती मी स्वतः पाहिली. तीच पावती हातात घेऊन मी बराच वेळ विचार करत राहिले, कारण माझ्या मते चिपळूणच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावरच छापलेलं आहे.

मुरूम हे गौण खनिज. ते उचलायचं तर शासनाला ब्रासमागे ६०० रुपये स्वामित्वधन, म्हणजे तीच रॉयल्टी, द्यावं लागतं, आणि वाहतुकीचा परवाना 'महाखनिज' प्रणालीवर ऑनलाइन निघतो. गाडी कोणती, माल किती ब्रास, कुठून कुठे. म्हणजे गावात किती भराव येतो याची मोजणी शासन आधीपासून करतंच. पण पैसे घेतं ते जिथे डोंगर खणला त्याचे. जिथे मुरूम पडला आणि पाण्याची जागा गेली त्याचा एक रुपयाही कोणी घेत नाही. दहा गुंठ्यांच्या त्या प्लॉटवर जवळजवळ तीन लाख ९२ हजार रुपये स्वामित्वधन शासनाला मिळतं. गाळ काढायला, नाले रुंद करायला, पुराची सूचना वेळेवर द्यायला त्यातलं काही मिळावं अशी वाटच नगर परिषदेकडे नाही. तुटलेल्या डोंगराची किंमत लागते, तशी बुजलेल्या मळ्याचीही लागली पाहिजे.

म्हणून माझी मागणी अशी. पूररेषेच्या आतल्या सखल जागेत नवा भराव घालणाऱ्याकडून नगर परिषदेनं ब्रासनुसार शुल्क घ्यावं, आणि ते वेगळ्या खात्यात ठेवून फक्त पाणी वाहून नेण्याच्या कामावर खर्च करावं. यात आभाळ फाटण्यासारखं काही नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमात बांधकामावरचं विकास शुल्क आहेच आणि त्याच्या वेगळ्या निधीची तरतूदही आहे. ते शुल्क जमिनीच्या रेडी रेकनर दरावर, म्हणजे शासनानं ठरवलेल्या बाजारभावावर, टक्केवारीनं लागतं, पाण्याच्या जागेवर लागत नाही, एवढीच उणीव. ती भरून काढायला कायद्यात दुरुस्ती लागली तर आमच्या लोकप्रतिनिधींनी ती मागावी. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. तेव्हापासून आमच्यासारखी गावं घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि शासनाच्या अनुदानावर चालतात. बांधकाम परवानगीतून येणारा पैसा हा त्यातल्या त्यात वाढता. जितके प्लॉट भरतील तितकं उत्पन्न, अशी ही रचना आहे. त्यामुळे भराव थांबवण्यात नगर परिषदेचा फायदा नाही, आणि पूर आला की खर्च दुकानदार आणि शासन करणार. ज्याला परवानगीतून मिळतं त्याच्या पदरी नुकसान येत नाही, म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

यावर पहिली हरकत येईल ती गरिबांची. शुल्क लावलं तर घरं महागतील, दोन गुंठ्यांवर घर बांधणाऱ्या शिक्षकानं किंवा एसटीच्या वाहकानं काय करायचं? ही हरकत मी हलक्यात घेत नाही. पण घर उंच करायचा भराव हाच एक मार्ग आहे का? राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी आहे. अट एवढीच की जोतं लाल रेषेच्या ४५ सेंटिमीटर वर हवं. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही उंची खांबांवर घर उभारूनही मिळते, आणि खालून पाणी जात राहतं. खांबांवर बांधणाऱ्याला शुल्क पूर्ण माफ करा. ज्यानं स्वतःच्याच जागेत तेवढ्याच पातळीवर तळं खणून तेवढीच जागा पाण्याला परत दिली, त्यालाही माफ करा. इंग्लंडमध्ये पूरक्षेत्रात भराव घालणाऱ्याकडून नेमकी हीच अपेक्षा असते. जुन्या बाजारपेठेतल्या घरांना, वडनाक्यापासून पेठमापपर्यंतच्या वस्तीला यातलं काहीही लागू नये. त्यांनी कुणाचं पाणी हाकललेलं नाही, त्यांच्यावर हाकललं गेलं आहे.

गाळाबद्दलही लिहिलंच पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये नागरिकांनी साखळी उपोषण केलं, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला यंत्रं लागली. तो लढा झाला नसता तर एक डंपरही हलला नसता, आणि त्यात बसलेल्यांची मी ऋणी आहे. पण नदीतून उपसलेला गाळ काही ठिकाणी जवळच्याच सखल जागेत पसरलेला मी डोळ्यांनी पाहिला. जो गाळ नदीत पाण्याची जागा अडवत होता, तो मळ्यात जाऊन तीच जागा अडवू लागला. मधल्या वाहतुकीचा खर्च सार्वजनिक पैशाचा, आणि वाढलेला भाव जागामालकाचा. गाळ काढण्याच्या प्रत्येक कामाच्या आदेशात तो कुठे टाकायचा नाही याची गट क्रमांकांसह यादी हवी, आणि ती नगर परिषदेच्या फलकावर लागायला हवी. महामार्गाच्या चौपदरीकरणाचा भरावही याच हिशेबात धरला पाहिजे. सरकारी काम आहे म्हणून त्याखालची जागा काही रिकामी राहत नाही.

आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची, १८६४ पासूनच्या वाचनालयाची, पुस्तकं २००५ च्या पुरातही भिजली आणि २०२१ च्या पुरातही. एसटी आगारातल्या अधिकाऱ्यांनी दिवसाची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास काढले. हे सगळं आपण कौतुकानं सांगतो, आणि सांगावंच. पण २०२१ च्या त्या पहाटे पाण्याला पसरायला आणखी शंभर गुंठे मोकळे असते तर किती कप्पे कोरडे राहिले असते, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं.

त्याची सुरुवात फार सोपी आहे. गेल्या पाच वर्षांत चिपळूण शहरात मुरूम आणण्यासाठी निघालेले वाहतूक परवाने तहसील कार्यालयाकडे आहेत. त्याच काळातले बांधकाम परवाने नगर परिषदेकडे आहेत. पूररेषेचा नकाशा जलसंपदा खात्याकडे आहे. तिन्ही कार्यालयं गावात एकमेकांपासून फार लांब नाहीत. या तीन कागदांवरून प्रभागवार तक्ता करायचा: कुठे किती ब्रास पडला आणि किती लिटरची जागा गेली. मी माहितीच्या अधिकारात तिन्हीकडे अर्ज करते आहे. कागद मिळाले तर तक्ता मी विनामोबदला करून देईन, आणि बाजारपेठेतल्या आणखी दोन हिशेबनीसांनी मदतीची तयारी दाखवली आहे. आपण तो छापावा एवढी विनंती. अधिकाऱ्यांनी अर्जाची वाट न पाहता कागद खुले केले तर पावसाळ्याच्या आत काम होईल.

आपली,
एक हिशेबनीस,
पेठमाप, चिपळूण