मोकळावासच्या केरसुण्या आणि तुझा माळा

जोधपूर
१४ फेब्रुवारी

प्रिय नंदा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मेहरानगडचा चढ चढत होते. धाप लागलेली, त्यात वारा, म्हणून धड बोलता आलं नाही. पण "माळा रिकामा करतेय, रविवारी भंगारवाला येतोय" हे तुझं बोलणं तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. फोनवर सगळं सांगून झालं नसतं, म्हणून पत्रच लिहायला बसले.

आधी गड. राव जोधानं १४५९ साली बांधायला घेतलेला. कातळातून किल्ला वर आलाय की किल्ल्याखाली कातळ गेलाय, खालून पाहताना कळत नाही. आतलं संग्रहालय राजघराण्याच्या विश्वस्त संस्थेचं आहे आणि फार नीट ठेवलंय. हत्तीवरच्या हौद्यांचं एक दालनच आहे. शाहजहाननं जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहाला दिलेला चांदीचा हौदा तिथे आहे. तलवारी, पाळणे, पगड्याही आहेत. मी रेंगाळले ती पालख्यांपाशी. चारी बाजूंनी कापडानं झाकलेल्या, बायकांच्या. आत बसणारीला बाहेरचं किती दिसत असेल, हे वाकून पाहायचा प्रयत्न केला, पण काचेमुळे जमलं नाही.

उतरताना लोहा पोळ लागतो. त्या दरवाज्याच्या भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर आणि वर्ख लावलेले. १८४३ साली महाराजा मानसिंह वारला तेव्हा त्याच्या मागे सती गेलेल्या बायकांचे ठसे त्यात आहेत, असं सांगतात. नंदा, ते पंजे फार लहान आहेत. माझा हात शेजारी धरून पाहावासा वाटला आणि धरवला नाही. लोक फुलं वाहत होते, मी नुसती उभी राहिले. एवढ्या मोठ्या गडावर बाईची म्हणून लक्षात राहिली ती एक झाकलेली पालखी आणि ही भिंत.

उमेदभवनही पाहिलं. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १९२९ साली सुरू झालेला राजवाडा, पुरा व्हायला १९४३ उजाडलं. त्यातल्या एका भागात संग्रहालय आहे, घड्याळं, काचसामान वगैरे. तासाभरात पाहून होतं.

तुला सांगायचंय ते मोकळावासचं. शहराबाहेर खडकाळ माळावर हे गाव आहे आणि तिथे कोमल कोठारींनी उभं केलेलं अरणा झरणा नावाचं संग्रहालय आहे. कोठारी म्हणजे लंगा आणि मांगणियार गायकांची गाणी आयुष्यभर ध्वनिमुद्रित करणारे. राजस्थानी लेखक विजयदान देथांबरोबर त्यांनी १९६० साली बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था सुरू केली. २००४ साली ते गेले. राजस्थान जिल्ह्यांनी नाही, भाकरीनं ओळखायचा, असं त्यांचं म्हणणं होतं: बाजरीचा मुलूख, ज्वारीचा मुलूख, मक्याचा मुलूख. धान्य बदललं की चूल, भांडी, सण, गाणी सगळं बदलतं. आपलं कोकण भाताचं आणि देश ज्वारीचा, हे तर आपण कधीपासून म्हणतो. पण त्याच धाग्यानं आख्खी संस्कृती बांधता येते, हे मला तिथे उमगलं.

आणि या माणसानं संग्रहालयात मांडायला काय निवडलं असेल? केरसुण्या! राजस्थानच्या निरनिराळ्या भागांतून गोळा केलेल्या. गवताच्या, मुंजाच्या, खजुरीच्या पानांच्या, बांबूच्या. खळ्यावरची वेगळी, अंगणातली वेगळी, घरातली वेगळी. घरातली ती बुहारी, स्त्रीलिंगी. बाहेरचा तो बुहारा, पुल्लिंगी. मी तिथेच थांबले. आपल्याकडे तरी वेगळं काय? घरात केरसुणी, अंगणात खराटा. ती आतली, तो बाहेरचा. इतकी वर्षं दोन्ही शब्द तोंडात आहेत, पण कधी मनात आलं नव्हतं. केरसुणीला पाय लावायचा नाही, दिवेलागणीला केर काढायचा नाही, हे आजीनं आपल्याला बजावलं होतं, तिथल्या आज्यांचीही शिकवण तशीच. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो, हे तिथल्या मुलीला सांगितलं तर म्हणाली, "हमारे यहाँ भी तो लक्ष्मी ही है।"

दुसरीही एक गोष्ट तिथे लपवलेली नाही. जी वस्तू लक्ष्मी, तिला बांधणारी माणसं मात्र गावाच्या कडेला. आपल्याकडे शिंदीच्या केरसुण्या मातंग बायका आणून द्यायच्या. आजी पैसे त्यांच्या हातावर वरून टाकायची. मी पाहिलंय ते, तूही पाहिलंयस. पूजा केरसुणीची आणि हात लागायला नको तिला बांधणारीचा. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि तुझ्याशिवाय कुणाला हे लिहिलं नसतं.

म्हणून आता माळ्याचं. कॉलेजात असताना आपण पुण्यात केळकर संग्रहालयात गेलो होतो. तिथल्या अडकित्त्यांपुढून तू हलायला तयार नव्हतीस, आठवतं? मग तुझ्या माळ्यावरच्या वस्तू भंगार कशा झाल्या? शेर, अधोली, पायली हा मापांचा अख्खा संच आहे तुझ्याकडे. रोवळी आहे, शिंकं आहे, लाकडी सोऱ्या आहे. सगळं ठेव असं म्हणत नाही, तुझी दोन खोल्यांची जागा मला माहीत आहे. पण नावं तरी जाऊ देऊ नकोस. माईंना अजून सगळं स्वच्छ आठवतं. कोणती वस्तू कुणी करून दिली, त्या बाईचं नाव काय, बदल्यात काय दिलं, दाणे की पैसे, हे त्यांना विचार. करणारणीचं नाव आठवलं तर ते सगळ्यात आधी लिही.

भंगारवाल्याला पुढच्या महिन्यात ये म्हणून सांग. मी मंगळवारी पुण्यात उतरते, बुधवारी सकाळच्या एसटीनं वाईला येते. दोनशे पानी वही घेऊन येईन. माईंना विचारून ठेव, दुपारी झोपतात की बोलायला बसतील. आणि शिंदीची जुनी केरसुणी कोपऱ्यात असेल तर ती मात्र कुणाला देऊ नकोस, मला हवी आहे.

तुझी,
माधुरी