खेळातील मुंडक्यांची भिंत आणि नान्नजचे माळरान

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत सध्या मुलांच्या संगणकीय खेळांविषयी चर्चा सुरू आहे. मारलेल्या प्राण्यांची मुंडकी घराच्या भिंतीवर टांगायला लावणारे खेळ घरातून हद्दपार करावेत, असे एका पालकांनी लिहिले, आणि त्यावर दुसऱ्या एका वाचकाने ‘खेळ तो खेळ, तो एवढा मनावर कशाला घ्यायचा’ अशा आशयाचे उत्तर दिले. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. नोकरीची सारी वर्षे मी प्राणिशास्त्र शिकवले. प्राण्यांचे नमुने जपणे, त्यांच्या नोंदी ठेवणे हा माझ्या कामाचाच भाग होता. शिवाय माझा नातू आणि त्याचे मित्र हा खेळ आमच्या बैठकीच्या खोलीत खेळत असल्यामुळे तो मला जवळून पाहता आला, किंबहुना पाहावाच लागला. त्या आधारावर हे चार शब्द.

मुले खेळतात तो खेळ ‘व्हॅल्हाइम’. स्वीडनमधील ‘आयर्न गेट’ या छोट्या संस्थेने तो २ फेब्रुवारी २०२१ रोजी अपूर्ण अवस्थेतच विक्रीस आणला आणि जेमतेम महिनाभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. युद्धात मेलेल्या योद्ध्याला उत्तर युरोपातील पुराणकथांचा देव ओडिन एका दहाव्या जगात पाठवतो, अशी त्याची कथा आहे. तिथे उतरणाऱ्याकडे जवळपास काहीच नसते. लाकूड तोडायचे, निवारा उभारायचा, अन्न मिळवायचे आणि कुरणातून काळ्या अरण्यात, तेथून दलदलीत, मग बर्फाळ पर्वतांवर असे हळूहळू पुढे जायचे. एका जगात दहा जणांपर्यंत एकत्र खेळता येत असल्याने आमच्याकडची मंडळी जुळे सोलापुरातून, होटगी रोडवरून आणि अशोक चौकातून आपापल्या घरी बसून एकाच झोपडीचे छप्पर शाकारताना मी पाहिली आहेत.

या जगात प्राणी मारला की मांस आणि कातडे मिळते, आणि कधी कधी त्याचे मुंडकेही पडते. ‘कधी कधी’ हा भाग महत्त्वाचा आहे. हरीण मारले तर निम्म्या वेळा मुंडके मिळते, रानडुकराचे शंभरात सुमारे पंधरा वेळा, आणि पाण्याकाठी राहणाऱ्या ‘नेक’ नावाच्या पालीसारख्या प्राण्याचे शंभरात पाचच वेळा. मिळालेले मुंडके लगेच टांगताही येत नाही, कारण त्याची खुंटी करण्यासाठी उत्तम प्रतीचे लाकूड आणि काशाचा खिळा लागतो. काशासाठी काळ्या अरण्यातून तांबे आणि कथील आणावे लागते, आणि ते लाकूड मिळवायलाही बहुधा आधी काशाची कुऱ्हाड घडवावी लागते. त्यामुळे भिंत सजवणे ही पहिल्या दिवसाची चैन नसून पोट भरल्यानंतरची, अवजारे हाती आल्यानंतरची हौस ठरते.

मुंडक्यांना शोभेपलीकडेही उपयोग आहेत, आणि खेळाची खरी गंमत मला तिथे दिसली. हरणाची दोन मुंडकी वेदीवर अर्पण केली की ‘एकथिर’ नावाचा विजेचा महाकाय सांबर प्रकट होतो. त्याला हरवले की त्याच्या शिंगांपासून खेळातील पहिली कुदळ तयार होते आणि खाणकामाची वाट उघडते. त्याचे मुंडके घरात न टांगता, खेळ जिथे सुरू होतो तिथल्या उभ्या शिळांपैकी एकीवर अर्पण केले, तर धावण्या-उडी मारण्याचे श्रम काही मिनिटे कमी होण्याचे वरदान मिळते. पुढे येणाऱ्या ‘मोडर’ या मादी ड्रॅगनच्या मुंडक्याने गलबताला काही मिनिटे अनुकूल वारा मिळतो. लांडग्याचे मुंडके खर्ची घातले तर थंडीपासून वाचवणारी कातडी शाल शिवता येते आणि ‘ड्रेक’ या उडत्या प्राण्याच्या दोन मुंडक्यांतून शिरस्त्राण घडते. म्हणजे प्रत्येक वेळी प्रश्न उभा राहतो, की हे टांगावे की वापरावे? लांडग्याचे एकुलते एक मुंडके शालीत घालवावे की दिवाणखान्यात लावावे, यावरून आमच्या मंडळींत जो वाद झाला तो एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला शोभला असता.

पत्रलेखक पालकांना माझे सांगणे एवढेच, की या मुलांना मारण्याची गोडी लागली आहे, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी थोडा वेळ त्यांच्या मागे बसून पाहावे. आपण काय काय मिळवले हे दाखवणारे एक पान या खेळात असते आणि मिळालेल्या प्रत्येक मुंडक्याबरोबर तिथे एका प्राण्याची भर पडून त्याच्याविषयी चार ओळींचे वर्णन वाचायला मिळते. मुलांचा जीव त्या पानाच्या अपुरेपणात अडकलेला असतो. रानडुकराला अळंबी आणि बोरे-बेरी खाऊ घालून, लांडग्याला मांस टाकून माणसाळवण्याची सोयही खेळात आहे, आणि आमच्या नातवाने भिंतीवरच्या लांडग्याच्या बरोबर खाली पाळीव लांडग्याला झोपायला जागा करून दिली आहे. यात विसंगती आहे, हे त्याला सांगून पाहिले. त्याला ती मुळीच पटली नाही.

खऱ्या शिकारचिन्हांची गोष्ट वेगळी होती. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात ज्यांनी पेंढा भरलेले वाघ आणि रानरेडे पाहिले असतील, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. म्हैसूरला ‘व्हॅन इंगेन’ या घराण्याचा कारखाना होता, तो १९९९ पर्यंत चालला आणि संस्थानिकांचे नि साहेबांचे हजारो वाघ-बिबटे तिथून भिंतीवर चढले. त्या भिंतींचा हेतू पाहुण्यावर छाप पाडण्याचा होता. सरकारी गोऱ्या अधिकाऱ्याला शिकारीला नेणे हा तर राजकारणाचाच भाग असे.

असे असूनही ‘खेळ तो खेळ’ म्हणणाऱ्या वाचकाशी मी सहमत नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. या खेळात एक गोष्ट साफ खोटी आहे आणि ती रक्तपाताची नाही. खोटे आहे ते रानाचे न आटणे. तुम्ही कुरणातली हरणे मारा, थोड्या वेळाने कुरणात पुन्हा हरणे असतात. एकथिरला आज मारले तरी आणखी दोन मुंडकी जमवून उद्या त्याला पुन्हा बोलावता येते. भिंतीवर चाळीस मुंडकी लागली तरी बाहेरचे रान एका हरणानेही उणे होत नाही. सगळी गंमत दुर्मिळतेवर उभी आहे, पण ती दुर्मिळता नशिबाची आहे, प्राण्यांच्या संख्येची नाही. मुंडके मिळत नसेल तर आणखी मारा, हाच तिथला उपाय. ‘माइनक्राफ्ट’ या दुसऱ्या खेळातही ‘विदर’ नावाच्या चालत्या सांगाड्याची कवटी शंभरात अडीच वेळाच पडते आणि म्हणून मुले त्या सांगाड्यांची पैदास आणि कत्तल एकाच जागी होईल असे सापळे रचतात. नियमच तसे असल्यावर मुलांनी दुसरे काय करावे?

हे खोटेपण मुलांना उघड करून दाखवायला सोलापूरसारखे दुसरे गाव नाही. आपल्या शहरापासून तासाभराच्या आत नान्नज आहे. तिथले अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी घोषित झाले. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पक्ष्यांची यादी करणारे कर्नल साइक्स यांनी माळढोक या भागात विपुल असल्याचे आणि एकाच गृहस्थाने हजारभर माळढोक मारल्याचे नोंदवून ठेवले आहे. हजार! नर पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, मादी एका विणीला बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते, आणि ते कोल्ह्या-कुत्र्यांच्या, गुरांच्या पायांच्या तावडीतून वाचले तर एक पिल्लू. आज साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. माळढोकाच्या नावाच्या अभयारण्यात आज जाणाऱ्याला काळवीट हमखास दिसतात. माळढोक दिसेल असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगत नाही. याचे सारे खापर जुन्या शिकाऱ्यांवर फोडणे न्याय्य होणार नाही, कारण गवताळ माळ नांगराखाली गेले, पाणी आले तशी पिके बदलली, विजेच्या तारा आल्या, आणि हे सारे आपल्याच काळात घडले. तरीही हजार पक्षी मारताना त्या गृहस्थाला उद्या माळावर पुन्हा तेवढेच पक्षी असतील असेच वाटत असणार, आणि खेळातील मुलालाही तेच वाटते. फरक एवढाच, की खेळात ते खरे असते.

लांडग्याचेही तसेच. आमच्या मंडळींच्या डोक्यात लांडगा म्हणजे बर्फाच्या डोंगरावरचा प्राणी. नान्नजच्या उघड्या, रणरणत्या माळावर, धनगरांच्या मेंढ्यांच्या मागावर राहणारा बारीक अंगाचा लांडगा हा आपला शेजारी आहे, हे त्यांना ठाऊकच नव्हते. स्वीडनमधल्या मंडळींनी स्वीडनचा लांडगा रंगवला यात त्यांचा दोष नाही. आपला लांडगा आपण दाखवला नाही.

आता ज्या गोष्टीत या खेळाचा उपयोग करून घेता येईल असे मला मनापासून वाटते, तिच्याकडे वळतो. महाविद्यालयाच्या संग्रहात एखादा पेंढा भरलेला पक्षी किंवा बरणीतला साप असतो, तेव्हा त्याची खरी किंमत त्याच्या चिठ्ठीत असते. कुठे मिळाला, कोणत्या दिवशी, नर की मादी, कोणी आणला, भोवती काय होते, एवढे लिहिलेले असेल तर तो नमुना दीडशे वर्षांनीही बोलतो; चिठ्ठी गळून पडली की उरतो तो नुसता पेंढा. साइक्स यांच्या लिखाणाचा आज आपल्याला उपयोग होतो, तोही त्यांनी लिहून ठेवले म्हणूनच. खेळातील टांगलेल्या मुंडक्यावर यातले काहीच नसते, फक्त नाव दिसते. मात्र त्या खेळात लाकडी पाटी करून तिच्यावर लिहिता येते, आणि खेळातील दिवसांचा क्रमांकही सकाळी पडद्यावर झळकतो. मी आमच्या मंडळींना प्रत्येक मुंडक्याखाली पाटी लावायला सांगितले: दिवस कितवा, जागा कोणती, सोबत कोण होते, आणि ते मिळेपर्यंत त्या जातीचे किती प्राणी मारले. हा शेवटचा रकाना त्यांनी फार अनिच्छेने भरला. एका ‘नेक’च्या मुंडक्याखालचा आकडा लिहिताना त्यांच्यातला सर्वांत धाकटा म्हणाला, ‘आजोबा, हे तर फारच झाले.’ मी त्यावर काही बोललो नाही.

जाता जाता एक व्यावहारिक बाब, कारण तीविषयी मला शेजारपाजारचे लोकही विचारतात. सांबराची, चितळाची शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची शिंगे गळत नाहीत. त्यामुळे जुन्या वाड्यात दारावर लावलेली काळविटाची शिंगजोडी म्हणजे एक मेलेला काळवीट, याला दुसरा अर्थ नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अशी वस्तू विकता येत नाही. वारशाने आलेली असली तरी ती जवळ ठेवण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते, आणि गळालेली शिंगे रानातून उचलून आणण्यासही मनाई आहे. काळवीट, लांडगा, माळढोक हे तिघेही पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. प्रमाणपत्र आहे पण वस्तू ठेवायची नाही, अशांना ती वनविभागाकडे स्वेच्छेने सोपवण्याची सोय २०२२ च्या दुरुस्तीने झाली आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते.

तेव्हा खेळावर बंदीची मागणी करणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, की त्यांनी मुलाला एकदा पहाटे नान्नजला न्यावे, सोबत वही द्यावी, आणि दिसलेल्या प्रत्येक प्राण्याची संख्या, वेळ आणि जागा लिहायला लावावी. खेळात पान भरण्याची सवय लागलेली मुले हे काम आपल्यापेक्षा चिकाटीने करतात. आपल्याला मात्र, संपादक महोदय, एक निराळी विनंती आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून वन्यप्राण्यांची मोजणी होते आणि तीत स्वयंसेवकांना घेतले जाते. तिच्या नावनोंदणीची सूचना, तारीख आणि अटींसह, आपल्या दैनिकाने पुरेशी आधी, आणि शक्यतो आतल्या पानावरच्या छोट्या चौकटीत न छापता ठळकपणे छापावी, म्हणजे आमच्या मंडळींतील जे आता महाविद्यालयात गेले आहेत त्यांची नावे वेळेत देता येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक,
जुळे सोलापूर