छातीच्या फिल्मचा कर्नल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक क्षयरोग दिनाच्या पुरवणीत क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख आणि क्षयावरचे औषध स्ट्रेप्टोमायसिन यांवर चांगले लेख आले. माझी सगळी नोकरी छातीचे एक्स-रे काढण्यात गेली, त्यामुळे मी त्यात कर्नल एस्मंड लाँग यांना शोधत होतो. ते सापडले नाहीत.

लाँग (1890–1979) अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट. उमेदीतच त्यांना क्षय झाला. तेव्हा औषध नव्हते. विश्रांती आणि मोकळी हवा हाच इलाज. बरे झाल्यावर ते त्याच रोगाच्या मागे लागले. पुढे फिलाडेल्फियाच्या हेन्री फिप्स इन्स्टिट्यूट या क्षयसंशोधन संस्थेत बायोकेमिस्ट फ्लॉरेन्स सायबर्ट त्यांच्या सहकारी होत्या. क्षयाच्या मँटू टेस्टला हातावर टोचतात ते पीपीडी, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेले शुद्ध प्रथिन, या दोघांच्या कामातून आले. श्रेय मुख्यतः सायबर्टबाईंचे, हेही सांगून टाकतो.

पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते लष्करात. पहिल्या महायुद्धात अमेरिकी फौजेच्या भरतीत डॉक्टरांची भिस्त स्टेथोस्कोपवर होती. फुफ्फुसातला सुरुवातीचा डाग कानाला कळतो थोडाच! आजारी जवान आत गेले आणि सरकार पुढे कित्येक वर्षे त्यांच्या उपचारांवर, पेन्शनवर पैसा ओतत राहिले. दुसऱ्या महायुद्धात लाँग यांनी प्रत्येक उमेदवाराच्या एक्स-रेचा आग्रह धरला. सुरुवातीला बरेच जण एक्स-रेविनाच भरती झाले. नंतर 1942 मध्ये एक्स-रे सक्तीचा झाला. भरती केंद्रांवर चार बाय पाच इंचांच्या फिल्म वापरत. आम्ही चौदा बाय सतरा वापरणारे. तेवढ्याशा तुकड्यावर दिवसभर डाग हुडकणाऱ्यांना माझा सलाम. युद्ध संपताना लाँग जर्मनीत, छळछावण्यांतून सुटलेल्यांमधला क्षय पाहत होते. गणवेश उतरवून ते पुन्हा फिप्समध्ये आले आणि उतारवयात कुष्ठरोगाच्या संशोधनाकडे वळले.

हे जुने पुराण नव्हे. आपल्या देशाच्या 2019–21 च्या क्षयरोग सर्वेक्षणात एक्स-रे न काढता नुसती लक्षणे विचारली असती, तर 42.6 टक्के रुग्ण निसटले असते. तरीही पुरवणीतली चौकट ‘दोन आठवडे खोकला असेल तर तपासणी करा’ एवढ्यावरच थांबते. पुढच्या वेळी तिच्यात आणखी एक ओळ घाला: घरात क्षयाचा रुग्ण असेल तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे, खोकला नसला तरी.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ