हा वशिला नव्हे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आपलं कौतुक आपणच चव्हाट्यावर मांडायचं, हे आपल्या घरात कधी नव्हतं." आतेभावाने माझी लिंक्डइनवरची पोस्ट दाखवली, त्यावरून विषय निघाला. तेव्हा मी फार बोलले नाही. एखादी गोष्ट मनापासून सांगायची असली की मला लिहावं लागतं, हे तुम्ही दोघं जाणताच.

बाबा, तुमची पाटबंधारे खात्यातली नोकरी मी लहानपणापासून पाहिली. १ जानेवारीची सेवाज्येष्ठता यादी आली की आपलं नाव कितवं, पुढचे कोण कधी निवृत्त होणार, अशा पेन्सिलीच्या खुणा तुम्ही करायचात. साहेब गोपनीय अहवाल लिहायचे, आणि शेरा प्रतिकूल असला तरच तो तुमच्यापर्यंत यायचा. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २००८ मध्ये. त्या व्यवस्थेतले दोष तुम्हीच मला सांगितलेत. पण तिथे एक आधार होता. माणूस कितीही मितभाषी असो, त्याचं नाव यादीतून गळत नव्हतं.

माझ्याकडे अशी यादीच नाही. वर्षातून एकदा सगळे मॅनेजर एका खोलीत बसतात आणि आपापल्या माणसांची नावं मांडतात. वरची श्रेणी किती जणांना द्यायची हे आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे एकाचं नाव वर गेलं की दुसऱ्याचं खाली येतं. एकेका नावाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. माझा मॅनेजर माझ्याबद्दल बोलत असताना समोरून कोणी म्हणालं, "हो, तिच्या कामाचा आम्हालाही उपयोग झाला," तर नाव टिकतं. सगळे गप्प राहिले तर ते सरकतं. त्या खोलीत मी नसते, माझं काम बोलायला येत नाही, आणि ज्यांनी ते पाहिलंच नाही ती माणसं निर्णय घेतात. आमच्या टीममध्ये एक फार गुणी, अबोल मुलगी होती. मूल्यमापनाच्या तोंडावर तिचा मॅनेजर नोकरी सोडून गेला. तिने वर्षभर काय केलं हे सांगणारा माणूसही उरला नाही आणि कागदही नव्हता. बढती दुसऱ्याला मिळाली. माझ्या डोळ्यांसमोर हे झालं आणि त्याची मला अजून चीड येते.

आजी म्हणायची ना, बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. मला कुळीथ विकायचे नाहीत बाबा. पोत्यात गहू आहेत एवढं लोकांना दिसावं, इतकंच.

आता ती पोस्ट पुन्हा एकदा वाचा. महिनाअखेरीचा हिशोबाचा अहवाल तयार व्हायला आमच्याकडे अख्खी रात्र लागायची, ते काम आता तासाभराच्या आत होतं. ते कसं केलं, आधी कोणते उपाय फसले, कोणाची मदत झाली, एवढंच त्यात आहे. 'मी हुशार' असं एकही वाक्य नाही. ती वाचून कोइमतूरच्या एका अनोळखी मुलीने तिची तशीच अडचण मला लिहून पाठवली, आणि ती सोडवताना मीही काही शिकले. दर शुक्रवारी मॅनेजरला चार ओळी पाठवते, त्याही याच धाटणीच्या असतात: काय पूर्ण झालं, कोणाला उपयोग झाला, कुठे अडलंय. तुम्ही साइटवरून आल्यावर रोजची दैनंदिनी लिहायचात, त्यात कुठे बढाई होती?

आई, तुझी काळजी वेगळी आहे. "चारचौघांत मिसळत नाहीस, मग ओळखी कशा होणार?" ऑफिसच्या पार्ट्यांत मी अजूनही रमत नाही. मोठ्या आवाजात, उभ्या उभ्या, एकामागून एक माणसांशी बोलून मी थकते, आणि त्यातलं काही लक्षातही राहत नाही. पण एकाच माणसाबरोबर चहा घेत अर्धा तास बोलायला मला मनापासून आवडतं. परिषदेला जायचं ठरलं की दोन वक्ते निवडते, त्यांचं लेखन आधी वाचून काढते आणि जाण्यापूर्वीच त्यांना एक नेमका प्रश्न लिहून पाठवते. मग तिथे नव्याने ओळख काढावी लागत नाही, अर्धवट राहिलेलं बोलणंच पुढे सुरू होतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहिते. एवढं पुरतं.

आणि ओळखी फार घट्ट असाव्या लागतात असंही नाही. बाबा, आकडे तुम्हाला पटतात म्हणून सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्याने खबर दिली त्याची भेट किती वेळा व्हायची. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६. आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणारे २७.८. १९७३ मध्ये त्याचा हा निबंध छापून आला. कारण साधं आहे: जवळच्या माणसांना जे कळतं ते बहुतेक आपल्यालाही कळलेलं असतं, नवी बातमी लांबून येते. पुढे लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्यात मध्यम विरळ, म्हणजे फार घट्टही नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत अशा ओळखी नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी दिसल्या. अगदीच नाममात्र ओळखींचा तितका उपयोग नव्हता. म्हणजे मोजकी माणसं, पण अधूनमधून आठवण ठेवलेली. हे अबोल माणसालाही जमतं.

वशिल्याचा तुम्हाला तिटकारा आहे, आणि तो माझ्यातही उतरलाय. पण मला दोन्हींत फरक दिसतो. वशिल्यामुळे कामाची किंमत उरत नाही, ज्याला काही येत नाही तोही आत शिरतो. ओळखीने फक्त दार उघडतं, मग कामच तपासलं जातं. ज्या मुलांचे काका-मामा मोठ्या कंपन्यांत आहेत त्यांना हे दार जन्मतःच उघडं असतं. आपल्यासारख्यांनी ते ठोठावायचं नाही, असं आपणच ठरवून बसलो तर लाभ पुन्हा त्यांचाच होतो.

मोठ्याने बोलणाऱ्याला हुशार समजायची सवय चुकीचीच आहे. इंग्रजी अडखळत बोलणारी मुलं, संध्याकाळी घरी लहान मूल असल्याने थांबू न शकणाऱ्या बाया, या सगळ्यांवर तिचा अन्याय होतो. ॲमेझॉनमध्ये वरिष्ठांच्या बैठकीत २००४ पासून सादरीकरणाऐवजी लेखी टिपण आणलं गेलं. आधी सगळे ते मुकाट्याने वाचतात, चर्चा नंतर. आता एक छोटी टीम माझ्या हाताखाली आहे, तर मीही बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांची मतं लेखी मागवते. जे कधी तोंड उघडत नव्हते त्यांच्याकडून फार चांगल्या सूचना येतात. आता त्या सूचना त्यांच्या नावासकट मी त्या खोलीत नेते.

आता धाकट्याबद्दल. "हा तर तुझ्याहून घुमा, याचं कसं होणार," असं आई म्हणते. कृपा करून त्याला बोलका करायच्या मागे लागू नका. त्याने कालव्याच्या अस्तरीकरणावर, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून आतून जो थर देतात त्यावर, केलेला प्रकल्प खरंच चांगला आहे. त्याचं फोटोंसकट दोन पानी टिपण साध्या भाषेत लिहायला मी त्याला सांगितलंय. रविवारी फोनवर आम्ही ते नीट करू.

बाबा, यात तुमचं एक काम आहे. तुमच्या हाताखाली होते ते साहेब आता पुण्यात धरणांच्या कामाची सल्लागार कंपनी चालवतात. तुमचा त्यांच्याशी संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता उरलाय. त्यांना फोन कराल? नोकरीचं काही बोलू नका. मुलाने अस्तरीकरणावर काम केलंय, टिपण पाठवतो, वाचून चुका सांगाल का आणि अर्धा तास त्याच्याशी बोलाल का, एवढंच विचारा. ते नाही म्हणाले तरी चालेल. टिपण बुधवारपर्यंत तुमच्या हातात येईल.

तुमची,
मनू