कोयत्याबरोबर पुस्तकांची पेटीही जाऊ द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं ऊसतोड मजुरांचं गाव. तिथल्या 'ड' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल. पुस्तकं, सभासद वगैरे मोजून सरकार वाचनालयांचे जे वर्ग पाडतं, त्यातला 'ड' सगळ्यात खालचा. कुलूप मीच उघडतो, झाडून मीच काढतो, पेपर मीच मांडतो आणि पाऊस लागला की गळक्या पत्र्याखाली बादलीही मीच सरकवतो.

पैशाचं आधी उरकून घेतो. 'ड' वर्गाला सरकारी अनुदान म्हणून वर्षाला 30,000 रुपये मिळायचे. सरकारनं 60 टक्के वाढ दिली, त्याचे 48,000 झाले. त्याबद्दल मनापासून आभार. त्यातले निम्मे वेतनाचे, म्हणजे महिन्याला 2,000. आमच्याकडं रोजानं जाणारा गडी एवढे पैसे चार-पाच दिवसांत कमावतो. त्यामुळं ग्रंथपाल आधी शेतकरी असतो, नाहीतर दुकानदार, आणि वेळ उरला तर ग्रंथपाल.

2012 साली महसूल खात्यानं राज्यातल्या सगळ्या वाचनालयांची पडताळणी केली. नुसती कागदावरची, कपाटं रिकामी असलेली बरीच सापडली. सापडायलाच हवी होती. पण तेव्हापासून वरचा साहेब आला की पहिला प्रश्न रजिस्टरचा: दाखल नोंदवही पूर्ण आहे का, पुस्तकं मोजून तेवढीच भरतात का? कोण वाचतं, हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. आज आपण न विचारताच सांगतो.

सकाळी पोलीस भरतीची आणि एमपीएससीची पोरं येतात. ती स्वतःच्या नोट्स घेऊन बसतात, त्यांना आमची खुर्ची आणि दिवा हवा असतो, पुस्तकं नाही. म्हाताऱ्यांना पेपर लागतो. गोष्टीची पुस्तकं खरी हवी असतात ती सहावी-सातवीच्या पोरापोरींना, आणि त्यांच्यापेक्षाही त्यांच्या आयांना. शाळेत जेमतेम चौथी-पाचवी झालेल्या बाया पोरीच्या नावावर पुस्तक नेतात. देवघेव रजिस्टरात नाव पोरीचं असतं, पण पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं असतं.

आणि दसरा झाला की यातलं निम्मं गाव ऊस तोडायला जातं. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरात बसतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर पोचतात. काही मुलं मागं हंगामी वसतिगृहात राहतात, पुष्कळशी आईबापाबरोबर फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. गाळप संपून माणसं परततात तेव्हा ऊन तापलेलं असतं. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने माझे सगळ्यात चांगले वाचक वाचनालयापासून शेकडो किलोमीटर दूर, आणि पुस्तकं इथं कुलपात.

दोन वर्षांपूर्वी एक आई निघायच्या आदल्या दिवशी आली. म्हणाली, "भाऊ, चार पुस्तकं द्या, पोरगी तिथं दिवसभर बारकं लेकरू सांभाळत बसती." मी दिली. खरं सांगायचं तर आधी आढेवेढे घेतले, कारण पुस्तक कमी भरलं की तपासणीत उत्तर मला द्यावं लागतं. चारातली तीन परत आली. चौथं पाचटीबरोबर, उसाच्या वाळल्या पाल्याबरोबर, जळालं. पण पोरीनं येताना वहीची बारा पानं भरून आणली होती: पहाटे तीनला बैलांना उठवतात ते, साखर कारखान्याचा भोंगा, उसाच्या पाल्यानं हाताला पडलेले चरे. आमच्या हस्तलिखित अंकात ते पहिलं छापलं. छापलं कसलं, मीच सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. त्या अंकातलं माझं स्वतःचं संपादकीय कुणीही वाचलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या जळालेल्या पुस्तकाची किंमत मी खिशातून भरली. ती रक्कम फार नव्हती. पण हाच धाक राज्यभरच्या ग्रंथपालांना कपाटं बंद ठेवायला शिकवतो.

साहेब, ही कल्पना काही माझी नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ बोलावला आणि संस्थानातल्या गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरवली. आपल्याकडं महाबळेश्वरजवळ भिलारला 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, फार चांगलं आहे, मी पाहून आलो. पण तिथं वाचक पुस्तकांकडं जातो. आमच्या वाचकाला सवड नाही आणि सुट्टीही नाही. त्याच्याकडं पुस्तकानंच जायला हवं.

म्हणून मागणं एवढंच. टोळीबरोबर पाठवायला प्रत्येक वाचनालयाला चाळीस-पन्नास पुस्तकांची पेटी नियमानं मान्य करा आणि त्यातली काही हरवणार, फाटणार, जळणार हे आधीच हिशेबात धरा. फडावर पेटी सांभाळायला टोळीतलीच एखादी शिकलेली पोरगी नेमा, तिला त्याचे पैसे द्या. आणि आमच्या वेतनाचं गणित पुस्तकांच्या संख्येवर न ठेवता दार किती तास उघडं राहिलं यावर ठेवा, त्यातही संध्याकाळच्या तासांवर. बाया शेतातून संध्याकाळीच परततात.

आदेश यायला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. तोवर माझ्या लग्नातली लोखंडी पेटी रिकामी केली आहे. बायको कुरकुरली, पण तिनंच आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. कडी तेवढी मोडली आहे, ती दसऱ्याच्या आत बसवून घेतो.

आपला नम्र,
एका 'ड' वर्ग वाचनालयाचा ग्रंथपाल,
जि. बीड