बैठकीला येणाऱ्या कर-सल्लागार ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या कंपनीत कधीच नव्हता. ग्राहकाच्या कर-सल्लागार म्हणून बैठकीला यायचात. तरी आमचं बिलिंग सॉफ्टवेअर आज धड चालतंय, त्यात तुमचा वाटा मोठा आहे. म्हणून हे आभार चारचौघांत.

१ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. जीएसटीआर-१, २ आणि ३ अशी विवरणपत्रं ठरलेली, आणि खरेदीचा ताळमेळ घालणारी स्क्रीन आम्ही हौसेनं बांधत होतो. मध्येच जीएसटीआर-३बी हा तात्पुरता फॉर्म आला आणि नोव्हेंबरात २ व ३ स्थगित झाले. (तात्पुरता ३बी अजून आहे!) टीम वैतागली. तुम्ही म्हणालात, "फॉर्म जाईल हो, ताळमेळ कुठे जातोय? व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट हवंच ना?" मग तो कोड फॉर्मपासून सुटा करून ठेवला. २०२०मध्ये खरेदीवरच्या क्रेडिटचा उतारा, म्हणजे जीएसटीआर-२बी, आला, तेव्हा तोच बाहेर काढला.

पण खरं ऋण १० नोव्हेंबर २०१७चं. त्या शुक्रवारी जीएसटी परिषदेच्या गुवाहाटीच्या बैठकीत १७८ प्रकारच्या वस्तू २८ टक्क्यांवरून १८वर आणायचं ठरलं. लागू बुधवारपासून, १५ तारखेला. सगळ्यांना सुचलेला उपाय एकच: मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मुख्य यादीत, २८ खोडा, १८ लिहा. तुम्ही फोनवर विचारलंत, "ऑक्टोबरात विकलेला माल डिसेंबरात परत आला, तर क्रेडिट नोट किती टक्क्यांची?" परत आलेल्या मालाचे पैसे वळते करणारी ही नोट अर्थात मूळ बिलाच्या दरानं, २८ची. त्या शनिवार-रविवारी दरांचा वेगळा तक्ता केला आणि प्रत्येक दराला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा तारखा जोडल्या.

आमच्याकडे रिक्वायरमेंट बदलली की आधी चेंज रिक्वेस्टच्या, म्हणजे बदलाच्या जादा कामाच्या, पैशांवरून वाद घालायची पद्धत. तुमचा प्रश्न वेगळा असायचा: हे पुन्हा बदलेल का? ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ज्या उलाढालीपासून सक्तीचं, ती मर्यादा ५०० कोटींवरून टप्प्याटप्प्यानं ऑगस्ट २०२३मध्ये ५ कोटींवर आली. दर वेळी आम्ही सेटिंगमधला आकडा तेवढा बदलला.

२२ सप्टेंबर २०२५ला १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८मध्ये गेल्या. तुम्हाला कधी न भेटलेल्या पोरांनी तक्त्यात नव्या ओळी भरल्या, कोडला हातही न लावता. जुन्या स्टॉकवर जुन्या दरानं छापलेल्या एमआरपीनं मात्र घाम काढला. दुकानदारांचे फोन थांबेनात. त्यावर अजून नीट तोडगा नाही. येत्या आठवड्यात वेळ असेल तर पोरांना घेऊन येतो, चहा आमच्याकडून.

आपला,
एक प्रोग्रामर