सर्दीची गोळी न देणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

दोन वर्षं तुमच्या मेडिकलमध्ये येतोय, पण आभार मानायची वेळ आली की मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं. शिवाय ज्या गोष्टीबद्दल आभार मानायचे, ती चारचौघांत बोलण्यासारखी नाही. म्हणून लिहून टाकतो. नाव लिहीत नाही, तुम्हाला कळेलच.

पहिल्यांदा आलो तो गोखरूचं चूर्ण घ्यायला. एका पाहुण्याने सांगितलं होतं, लघवी मोकळी होते म्हणून. तिसऱ्या खेपेला तुम्ही डबा काउंटरवर ठेवलात, पण त्यावरचा हात काढला नाहीत. "काका, कुणासाठी नेताय?" मी म्हटलं, शेजाऱ्यांसाठी. तुम्ही हसला नाहीत. "मग त्यांना विचारा, रात्री किती वेळा उठावं लागतं? धार बारीक झालीय का? जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का? आणि चूर्ण नंतर, आधी लघवीच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा."

शेजारी रात्री पाच वेळा उठत होता. बायकोची झोपमोड नको म्हणून बाहेरच्या खोलीत चटईवर झोपायला लागला होता.

मी ३१ वर्षं एसटी चालवली. डॉक्टरांना पहिलं हेच सांगितलं, की साहेब, दाबून दाबून हे झालं. ते म्हणाले, नाही हो, प्रोस्टेटची गाठ, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली असते ती ग्रंथी, वयाने वाढते, माणूस ड्रायव्हर असो की कलेक्टर. तरुणपणी अक्रोडाएवढी असते. लघवीची नळी तिच्या मधून जाते, त्यामुळे गाठ फुगली की नळी आवळते. सोनोग्राफीत माझी ५२ ग्रॅम निघाली आणि जाऊन आल्यावरही लघवीच्या पिशवीत १२० मिली शिल्लक. प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका पाहायला पीएसएची रक्ततपासणी झाली, ती ठीक आली, तेव्हा कुठे घास गोड लागला.

चिठ्ठी घेऊन तुमच्याकडे आलो. टॅमसुलोसिन, ०.४ मिलीग्रॅम. डॉक्टरांकडे बाहेर रांग होती, त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. नीट समजावलंत तुम्ही. रात्री जेवणानंतर अर्ध्या तासाने, रोज त्याच वेळी. रिकाम्या पोटी नको, चावायची नाही, कॅप्सूल फोडायची नाही. हिने गाठ लहान होत नाही, फक्त तिथले आवळलेले स्नायू सैल पडतात. मी माझ्यापुरतं समजून घेतलं, हँडब्रेक सोडल्यासारखं. आणि रक्तदाब उतरतो, तेव्हा अंथरुणातून एकदम उठू नका, पाय खाली सोडून थोडं बसा. हे मात्र मी ऐकलं नाही. तिसऱ्या रात्री डोळ्यांपुढे अंधारी आली, कपाटाला धरलं म्हणून वाचलो.

मग तुम्ही बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहिलंत, घडी केलीत आणि म्हणालात, "हे घरी जाऊन वाचा." घरी चष्मा लावून वाचलं. 'संबंधाच्या वेळी वीर्य कमी येईल किंवा येणार नाही. औषधामुळे होतं, अपाय नाही. त्रास वाटला तर डॉक्टरांशी बोला, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.' माझ्या मुलीपेक्षा लहान तुम्ही. तोंडाने सांगितलं असतंत तर मी परत तुमच्या दुकानाची पायरी चढलो नसतो. आणि सांगितलंच नसतं तर महिन्याभरात गोळी कचऱ्यात गेली असती. तो कागद अजून पासबुकात आहे.

आठ-दहा दिवसांत फरक पडला. एकदा रात्री दहाला झोपलो तो थेट साडेतीनला जाग आली. मला वाटलं, घड्याळच बंद पडलंय.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी ड्युटास्टेराइड जोडलं. ही गोळी गाठ आटवते, पण सावकाश, गुण यायला तीन ते सहा महिने. तुम्ही विचारलंत, "घरात कुणी गरोदर आहे का?" होती. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली होती, आणि माझी गोळ्यांची डबी तीच भरायची! फुटक्या-गळक्या गोळीतलं औषध कातडीतून आत जातं, पोटातल्या मुलग्याला त्याचा धोका असतो, म्हणून तिने हातच लावायचा नाही. त्या दिवसापासून डबी मी भरतो. दुसरं सांगितलंत ते जिव्हारी लागलं: रक्तदान बंद. गोळी थांबवली तरी पुढे सहा महिने नाही. मी शिवजयंतीच्या शिबिरात दर वर्षी पहिला असायचो. या वर्षी चहा वाटायला उभा होतो. आणि या गोळीने पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, तेव्हा रिपोर्ट दाखवताना गोळी चालू आहे हे सांगा, हेही तुम्हीच बजावलंत.

आता खरं पत्र. जानेवारीत मी नाक गळत आलो आणि म्हटलं, सर्दीची गोळी द्या. तुम्ही दिली नाहीत. "काका, तुम्हाला चालणार नाही ती. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, नाहीतर डॉक्टरांना फोन करा." मी चारचौघांत म्हणालो, "धंदा करायचाय की नाही?" आणि पुढच्या चौकातून घेऊन आलो. तिथे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दोन दिवस घेतली. दुसऱ्या रात्री लघवी बंद. एक थेंब नाही. ओटीपोट ढोलासारखं टणक झालं. पहाटे पोराने रिक्षातून दवाखान्यात नेलं, त्यांनी नळी घातली आणि बाहेर लावलेल्या पिशवीत ९०० मिली लघवी उतरली. ते सुख आणि ती लाज, दोन्ही मी विसरणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या गोळीतलं नाक मोकळं करणारं औषध नेमका तोच स्नायू आवळतं, आणि सर्दी सुकवणारं औषध लघवीच्या पिशवीचा जोर काढून घेतं. म्हणजे पुढून ब्रेक आणि वरून इंजिन बंद.

नळी निघाल्यावर तोंड पाडून तुमच्याकडे आलो. तुम्ही "सांगितलं होतं ना" म्हणाला नाहीत. स्टूल पुढे केलंत आणि विचारलंत, "आता धार कशी आहे?"

त्या दिवशी जे बोललो त्याची माफी मागतो. चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफीही अशी उघड पत्रातून, चारचौघांत.

दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. टॅमसुलोसिनने डोळ्यातला बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा ऑपरेशनच्या वेळी ढिला पडू शकतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी कळायला हवं, असं तुम्ही मागच्याच महिन्यात म्हणालात. चिठ्ठी लिहून शर्टाच्या खिशात ठेवली आहे.

शनिवारी गोळ्या न्यायला येतोय. शेजाऱ्यांसाठी नाही.

तुमचे,
गोखरूवाले काका